मेतेल्लाच्या समाधीपाशी

रोममधले पहिले तीन दिवस कलोसियम आणि व्हॅटिकनच्या रांगांत गेले. त्यावर पुष्कळांनी लिहिलंय. मला सांगायचंय ते चौथ्या दिवशी पाहिलेल्या एका शिलालेखाबद्दल.

व्हिया आपिया हा इ.स.पू. ३१२ मध्ये बांधायला घेतलेला रस्ता, म्हणून तिथे चालतच जायचा हट्ट धरला. सुरुवातीचा भाग अरुंद, दोन्हीकडे उंच भिंती, फूटपाथ नाही आणि गाड्या अंगाला घासून जातात. भिंतीला पाठ लावून उभं राहताना फार भीती वाटली. ११८ नंबरच्या बसनेच जा.

पुढे चेचिलिया मेतेल्लाची समाधी. चौकोनी जोत्यावर जवळजवळ तीस मीटर व्यासाचा गोल बुरूज. चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला काएतानी घराण्याने तिथे किल्ला केला. वरची दातेरी भिंत त्यांचीच. रस्त्याच्या बाजूला, बैलांची मुंडकी कोरलेल्या पट्ट्याखाली, संगमरवरावर लेख आहे: क्विंतुस क्रेतिकुसची मुलगी, क्रासुसची, चेचिलिया मेतेल्ला हिच्यासाठी. बस, एवढंच. वडील क्रीट बेट जिंकणारे, सासर क्रासुससारखं धनाढ्य. 'मुलगी' या शब्दाचं नुसतं आद्याक्षर, 'पत्नी' हा शब्द तर नाहीच. वय नाही, मुलंबाळं नाहीत. 'चेचिलिया' (लॅटिनमध्ये कायकिलिया) हेसुद्धा तिचं एकटीचं नव्हे. कायकिलियुस कुळातली प्रत्येक लेक चेचिलियाच.

मला गावच्या देवळाची पायरी आठवली. तिच्यावर आजीच्या स्मरणार्थ नाव कोरलंय, ते लग्नात आजोबांनी ठेवलेलं. माहेरचं नाव मी बारावीत असताना पहिल्यांदा ऐकलं, तेही तिच्या धाकट्या भावाच्या तोंडून. बुरुजासमोर मी बराच वेळ उभी होते. आतून तो उंच, रिकामा आहे. वर पाहिलं की आभाळाचा गोल दिसतो.

दुसऱ्या दिवशी कापितोलिनी संग्रहालयात मुद्दाम कॉर्नेलिया या प्राचीन रोमन बाईचा चौथरा शोधला. तिच्या बारा मुलांपैकी तीनच जगली. त्यांतले तिबेरियुस आणि गायुस ग्राक्खुस हे भाऊ गरिबांच्या जमिनीसाठी झगडले आणि दोघांचेही राजकारणात जीव गेले. इजिप्तच्या राजा टॉलेमीची लग्नाची मागणी नाकारणारी बाई ही! रोममध्ये तिचा पुतळा उभा राहिला. आज पुतळा नाही, चौथरा आहे. त्यावर लिहिलंय: कॉर्नेलिया, आफ्रिकानुसची मुलगी, ग्राक्खुसांची.

तिला थोरली बहीण होती. तिचंही नाव कॉर्नेलियाच.