सोलापूर पुण्याच्या पश्चिमेला

त्या दुपारी एका विद्यार्थिनीच्या वहीत सोलापूरचा रेखांश आला 73 अंश 36 मिनिटं. म्हणजे आपलं गाव पुण्याच्याही पश्चिमेला गेलं! अक्षांश मात्र तिनं 17 अंश 42 मिनिटं काढला होता, खऱ्या आकड्यापासून जेमतेम दोन सागरी मैलांवर. सेक्स्टंट, म्हणजे नाविकांचं कोन मोजायचं उपकरण, तोच, दुपार तीच, मग एक उत्तर इतकं चोख आणि दुसरं सव्वादोन अंश बाहेर कसं?

जहाजावरची नोकरी संपवून मी सोलापुरात परतलो, तेव्हापासून मर्चंट नेव्हीत जाऊ पाहणाऱ्या मुलांचे तास घेतो. संक्रांतीचे दिवस होते, सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा भरली होती, तरी मुलं आली होती. समुद्रावर सेक्स्टंटनं क्षितिजापासून सूर्यापर्यंतचा कोन मोजतात. इथं क्षितिजावर घरं आणि पाण्याच्या टाक्या. त्यावर जुना उपाय आहे: परातीत जुनं इंजिन ऑइल ओतायचं. तेलाचा पृष्ठभाग आपोआप सपाट होतो. खरा सूर्य जितका वर, तितकाच त्यातला सूर्य खाली दिसतो. सेक्स्टंटमध्ये दोन्ही सूर्य एकमेकांवर बसवायचे आणि आलेला कोन निम्मा करायचा. आधी गच्चीवर प्रयत्न केला, पण शेजारच्या कारखान्यातले माग चालू होते आणि त्यांच्या हादऱ्यानं तेलावर बारीक थरथर येत होती. परात मागच्या अंगणात मातीवर ठेवली तेव्हा कुठं सूर्याची कड स्थिर झाली. दोन्ही काळ्या काचा लावल्याशिवाय डोळा लावायचा नाही, हे मी प्रत्येकाला दरवेळी बजावतो. त्यात सूट नाही.

माध्यान्हीचा उन्नतांश, म्हणजे सूर्याची क्षितिजापासूनची कोनातली उंची, सगळ्या दुरुस्त्या करून, 51 अंश 10 मिनिटं आला. उन्नतांश आणि दिगंश (सूर्य कोणत्या दिशेला दिसतो तो कोन) ही निरीक्षकाची मापं. तुम्ही अक्कलकोटला गेलात की ती बदलली. सूर्याची क्रांती मात्र आकाशाची: खगोलीय विषुववृत्तापासून तो किती उत्तरेला किंवा दक्षिणेला आहे, ते ऑल्मनॅकमध्ये, म्हणजे नाविकांच्या खगोलीय पंचांगात, छापलेलं असतं आणि जगभर त्या क्षणी तेच असतं. त्या दुपारी ती होती 21 अंश 8 मिनिटं दक्षिण. म्हणजे सोलापूरच्या सरळ दक्षिणेला, हिंदी महासागरात त्या अक्षांशावर सूर्य तेव्हा बरोबर डोक्यावर होता. आमच्या डोक्यावरचा बिंदू 90 अंशांवर, त्यातून 51 अंश 10 मिनिटं वजा केली की उरतात 38 अंश 50 मिनिटं. कोनाचं एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, म्हणून त्या जागेपासून आम्ही 2,330 मैलांवर उभे होतो. ती जागा विषुववृत्ताच्या दक्षिणेला 21 अंश 8 मिनिटं, तेवढी 38 अंश 50 मिनिटांतून काढा, अक्षांश हातात. एका परातीतल्या तेलावरून हे अंतर कळतं, याचा आनंद मला अजूनही पहिल्यासारखाच होतो.

रेखांशासाठी वेळ हवी. माथ्यावर आलेला सूर्य बराच वेळ हलत नाही असं वाटतं, त्यामुळं नेमका क्षण डोळ्यांनी सापडत नाही. म्हणून तिनं माध्यान्हीच्या आधी एक उन्नतांश घेऊन वेळ टिपली, नंतर तोच कोन लावून सूर्य तितकाच उतरेपर्यंत थांबली आणि दोन वेळांचा मध्य काढला: 12 वाजून 35 मिनिटं 36 सेकंद. भारतीय प्रमाणवेळ 82 अंश 30 मिनिटं रेखांशाची, आणि माध्यान्ह बारानंतर जितकी उशिरा, तितकं आपण त्या रेखांशाच्या पश्चिमेला, घड्याळाच्या चार मिनिटांना एक अंश. पुढं गणित सरळ. तिनं तीनदा तपासलं.

"सर, आकडेमोड बरोबर हाय की ओ. मग सूर्यच चुकला का?"

खरंच तसं होतं. घड्याळ चालतं ते मध्यम सूर्यावर, जो वर्षभर एकाच गतीनं फिरतो असं मानलं आहे. आकाशातला सूर्य तसा नाही. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आणि अक्ष कललेला, म्हणून तो नोव्हेंबरच्या सुरुवातीला घड्याळाच्या सोळा मिनिटं पुढं असतो आणि फेब्रुवारीत चौदा मिनिटं मागं. त्या दिवशी तो नऊ मिनिटं दहा सेकंद मागं होता. तेवढी दुरुस्ती केली आणि रेखांश आला 75 अंश 53 मिनिटं. सोलापूर जागेवर आलं. ऑल्मनॅकमध्ये सूर्याचा ग्रीनिच होराकोन, म्हणजे तो ग्रीनिचच्या रेखावृत्तापासून किती अंश पश्चिमेला आहे ते, सेकंदागणिक काढता येतो, त्यात ही दुरुस्ती मिसळलेलीच असते. पण आधी स्वतःच्या हातानं ती सापडली, म्हणून तो स्तंभ कशासाठी आहे हे मुलांना त्या दिवशी नीट कळलं.

एका मुलानं संक्रांतीचं विचारलं. सूर्य मकरेत आताच गेला, तर क्रांती दक्षिणेच्या टोकाच्या 23 अंश 26 मिनिटांवरून 21 वर आलीच कशी? कारण उत्तरायण डिसेंबरच्या 21-22 तारखेलाच सुरू होतं. आपलं पंचांग निरयन, तारकांना धरून मोजणारं. ऑल्मनॅक वसंतसंपातापासून, म्हणजे मार्चमध्ये सूर्य खगोलीय विषुववृत्त ओलांडतो त्या बिंदूपासून, मोजतं आणि तो बिंदू परांचनामुळं (पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा हळूहळू डुलतो म्हणून) वर्षाला सुमारे 50 विकला (अंशाचे 3,600 भाग केले की त्यातला एक म्हणजे विकला) मागं सरकत आज मीन राशीत आहे. दोन्हींत आता साधारण 24 अंशांचं अंतर पडलं आहे. दोन्ही मोजण्या आपापल्या जागी पक्क्या आहेत, त्या एकमेकींत मिसळायच्या नाहीत एवढंच.

निघताना त्या विद्यार्थिनीनं विचारलं, मे महिन्यात हेच करू का? मेच्या दुसऱ्या आठवड्यात सोलापुरात सूर्य थेट डोक्यावर येतो. तेलातून मोजायचा कोन तेव्हा 180 होईल, आणि सेक्स्टंट साधारण 120 पर्यंतच उघडतो. त्या दिवसांत सूर्य 60 अंशांच्या खाली असतानाच घ्यावा लागेल, सकाळी एक आणि दुपारनंतर एक, आणि दोन स्थानरेषांचा, म्हणजे आपण जिच्यावर कुठंतरी आहोत अशी जी रेषा प्रत्येक मोजणीतून नकाशावर मिळते त्यांचा, छेद काढावा लागेल. तिनं तिथंच बसून वेळा काढल्या: सव्वादहाच्या आधी आणि अडीचनंतर.