दोन क्रेडिट, साठ तास: जात्यावरच्या ओव्यांचा फील्ड प्रोजेक्ट

नव्या शैक्षणिक धोरणाची रचना 2024-25 पासून संलग्न महाविद्यालयांतही लागू झाली आणि बी. ए. मराठीच्या वेळापत्रकात फील्ड प्रोजेक्ट आला. क्रेडिट दोन. वर्गातल्या तासांचं एक क्रेडिट 15 तासांचं धरतात, प्रत्यक्ष कामाचं 30 तासांचं. म्हणजे हिशेबाने 60 तास. मी विषय घेतला जात्यावरच्या ओव्या. शिरूर तालुक्यातलं एक गाव, तीन गायिका, 46 ओव्या. तासांची वाटणी शेवटी अशी झाली: वाचन 6, परवानगी आणि प्रश्नावली 4, गावातल्या भेटी 14, लिप्यंतर (ध्वनिमुद्रण ऐकून शब्द लिहून काढणं) 20, लेखन 10, तपासणी 6. पुष्कळ जण लिप्यंतराला चार-पाच तास धरतात आणि तिथेच प्रकल्प कोसळतो.

वाचन आधी करावं, पण बेताचं. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी उभा केलेला जात्यावरच्या ओव्यांचा संग्रह एक लाखाहून मोठा आहे, आणि तो हजाराहून जास्त गावांतून गोळा झाला आहे. त्यातल्या पुष्कळ ओव्या ‘पारी’च्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) संकेतस्थळावर ऐकता येतात. दोन-तीन तास नुसतं ऐकलं की कान तयार होतो. त्यानंतर गावात ‘राघू’ आणि ‘मैना’ कानावर पडले की ते पक्षी नसून मुलगा आणि मुलगी आहेत हे कुणी सांगावं लागत नाही.

भेटीची वेळ ठरवताना शेताकडे बघावं. शिरूर-दौंडच्या पट्ट्यात फेब्रुवारी-मार्चला ज्वारीची काढणी असते आणि दुसरं सत्र ऐन त्याच दिवसांत चालू असतं. सकाळी कुणाला उसंत नसते. दुपारी दोन ते चार, जेवणं आणि भांडी उरकल्यावरची वेळ सगळ्यात चांगली. घरात लग्न असेल तर हळद दळायला आणि घाणा भरायला हमखास बोलावणं मागून घ्यावं; एरवी ज्यांना काही आठवत नाही त्याही तिथे गातात.

पहिला प्रश्न फार जपून विचारावा लागतो. “आजी, तुम्हाला ओव्या येतात का?” असं विचारलं की “आमाला काय येतंय बाळा” हेच उत्तर मिळतं, कारण त्यांच्या लेखी ती कला नव्हती, कामाचा भाग होता. त्याऐवजी “आजी, दळायला तुमच्या जोडीला कोण बसायचं?” असं विचारावं. जोडीदारीण आठवली की तिची ओवी आठवते. आणि जातं घरात असेल तर पसाभर ज्वारी घेऊन खरंच बसावं. खुंट्याला हात लागून दगड फिरायला लागला की शब्द आपोआप येतात. नुसतं बसवून विचारलं तर दुसऱ्या ओळीला अडतात. हा फरक मला या कामातली सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते आणि अहवालात त्यावर मी पूर्ण पान दिलं.

अडचण अशी, की जात्याची घरघर शब्द गिळते. म्हणून प्रत्येक ओवी दोनदा घ्यावी: एकदा दळताना गायलेली, एकदा जातं थांबवून सावकाश सांगितलेली. फोन जमिनीवर ठेवला तर दगडाची थरथर थेट माइकमध्ये उतरते. घडी घातलेल्या गोधडीवर, गायिकेच्या तोंडापासून दोन-तीन फुटांवर, एअरप्लेन मोड लावून ठेवावा. डब्ल्यूएव्ही, मोनो, 44.1 किलोहर्ट्‌झ, 16 बिट असं ध्वनिमुद्रण तासाला सुमारे 320 एमबी जागा खातं. आधी फोन रिकामा करावा. त्याच संध्याकाळी फाइलला गाव, तारीख, क्रमांक असं नाव देऊन दोन ठिकाणी प्रत काढावी. संमती ध्वनिमुद्रणाच्या सुरुवातीलाच बोलून घ्यावी: ध्वनिमुद्रण करू का, अहवालात नाव घालू का, आवाज वर्गात ऐकवू का. तीन वेगळे प्रश्न, तीन वेगळी उत्तरं. एका आजींनी नावाला होकार दिला आणि आवाजाला नकार, तसंच पाळलं.

आता लिप्यंतर. तासाभराच्या ध्वनिमुद्रणाला पाच ते सहा तास जातात. माझ्याकडे साडेतीन तासांचं होतं. गाताना ओळ परत येते, मध्ये ‘बाई’, ‘गं’, ‘सांगते’ असे शब्द सुरासाठी भरले जातात. सांगताना तेच गळतात. मुख्य मजकुरात सांगितलेली संहिता घेतली आणि परिशिष्टात पाच ओव्या गायल्या तशा, सगळ्या आवर्तनांसकट दिल्या. बोलीला हात लावायचा नाही. ‘व्हतं’, ‘न्हाई’, ‘इठ्ठल’ हे तसंच राहिलं पाहिजे. ‘होतं’, ‘नाही’, ‘विठ्ठल’ केलं की यमक तरी मोडतं नाहीतर मात्रा. टंकताना फोनची आपोआप दुरुस्ती आधी बंद करावी, कारण ती गुपचूप प्रमाण रूपं घालत जाते.

शब्दार्थात चुका होतात त्या ओळखीच्या शब्दांमुळे. ‘वैरण’ म्हटलं की आपल्याला कडबा आठवतो. जात्यापाशी वैरणं म्हणजे धान्याची मूठ जात्याच्या तोंडात घालणं. माझ्या पहिल्या खर्ड्यात एक अख्खी ओवी गोठ्यात जाऊन बसली होती. मोल्सवर्थच्या कोशात हा अर्थ आहे. पण आधी गायिकेलाच विचारावं आणि कोश नंतर उघडावा.

वर्गीकरण करताना माहेर, भाऊ, लेक, पंढरी असे कप्पे पाडण्याची सवय असते. बायकांच्या ओव्यांत विठ्ठल भाऊही असतो, रुक्मिणी रुसते ती घरच्या सुनेसारखी. एकाच कप्प्यात कोंबू नये. मुख्य आणि दुय्यम असे दोन विषय प्रत्येक ओवीला द्यावेत. माझ्या 46पैकी 17 ओव्यांना दोन विषय लागले आणि विश्लेषणाचं प्रकरण त्या 17 वरच उभं राहिलं.

टंकलेखन युनिकोडमध्येच. जुन्या फाँटमध्ये केलेलं काम दुसऱ्या संगणकावर निरर्थक चिन्हं होऊन उघडतं. ‘दुसऱ्या’, ‘सुऱ्या’ यांतला ऱ्य नीट उमटतो का हे छापून बघावं. बऱ्याच कीबोर्डांवर तिथे रफार येतो. संदर्भसूचीत पुस्तकांबरोबर तोंडी संदर्भही यायला हवेत: गायिका, अंदाजे वय, गाव, तारीख, फाइल क्रमांक, मिनिट-सेकंद. तोंडी परीक्षेत मला पहिलाच प्रश्न आला, “ओवी क्रमांक 31 ऐकवा.” मिनिट लिहिलेलं होतं म्हणून ती लगेच लावता आली.

एक प्रत महाविद्यालयाला, एक विभागाला, आणि ओव्यांची वेगळी छापील प्रत गावात. तिथे अक्षर 18 पॉइंटचं ठेवलं, आणि वाचता न येणाऱ्या आजींसाठी त्यांच्या ओव्या नातवाच्या फोनवर घालून दिल्या.