आतडं तुटतं म्हणजे कुठे दुखतं?

‘हुरहुर’ म्हणजे दुखणं की आठवण? तुम्ही विचारलंत म्हणून लिहायला बसले. परराज्यांतून इथे शिकायला आलेल्या तरुण डॉक्टरांना मी बोलती मराठी शिकवते. दर तुकडीत हा प्रश्न येतोच, आणि त्यामागे बहुतेक वेळा एखादा पेशंट असतो. एका विद्यार्थिनीला एक आजी म्हणाल्या, “लेक आठवली की आतडं तुटतं गं.” तिने केसपेपरवर पोटदुखी लिहिली आणि पोट दाबून पाहायला लागली. आजींनी थोडा वेळ दाबू दिलं. मग तिचा हात बाजूला करत म्हणाल्या, “तिथं नाही, बाई.”

शरीराच्या दुखण्याचे शब्द ही मुलं पटकन उचलतात. गळू ठसठसतं, दाढ ठणकते, खरचटलेलं चुरचुरतं, कमरेतून पायापर्यंत सणक जाते. पेशंट ‘ठसठसतंय’ म्हणाला तर आत पू झालाय का ते बघा, असं मी सांगते. वेदनेचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ रोनाल्ड मेलझॅक यांनी १९७५ साली वेदनेच्या वर्णनासाठी ७८ इंग्रजी शब्दांची प्रश्नावली प्रसिद्ध केली, ती या मुलांना ठाऊक असते. तिच्यात थकवणारी, भीती घालणारी अशाही वेदना आहेत. माणसाच्या ओढीला मात्र तिच्यात जागा नाही.

म्हणून मी त्यांना क्रियापदाकडे कान द्यायला सांगते. कळ ‘येते’, आणि येते तशी जाते. बाळंतपणात तर ‘कळा येतात’, अनेकवचनात, कारण दोन कळांमधलं अंतर मोजायचं असतं. उसण ‘भरते’. हुरहुर यांतलं काहीच करत नाही. हुरहुर ‘लागते’. ओढ लागते, ध्यास लागतो, रुखरुख लागते, तशीच भूक लागते आणि तहान लागते. आणि पडलेल्या पोराला उचलून घेताना आपण काय विचारतो? “लागलं का रे?” जखमेला, भुकेला आणि ओढीला आपल्या भाषेने एकच क्रियापद दिलंय. दुखणं की आठवण, या तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर या ‘लागण्या’त आहे. मराठीने ती दोन खाती वेगळी ठेवलेलीच नाहीत.

पण म्हणून सगळे शब्द सारखे नव्हेत, आणि त्यांची सरमिसळ झाली की मला खरंच वाईट वाटतं. ओढीला पत्ता असतो: माहेरची ओढ, पंढरीची ओढ. हुरहुरीला तो असेलच असं नाही. तिन्हीसांजेला, घरात सगळे असतानाही ती लागते, आणि कशाची म्हणून विचारलं तर सांगता येत नाही. रुखरुख मागे पाहते, आणि ती बहुधा छोट्याच गोष्टीची असते. माझे वडील गेले त्या सकाळी त्यांनी चहा मागितला होता आणि मी “पाच मिनिटांत देते” म्हणाले होते. त्या पाच मिनिटांची रुखरुख मला अजून आहे. तिला दुःख म्हटलं तर फार मोठं होतं, चुटपुट म्हटलं तर फार लहान. हळहळ बहुतेक दुसऱ्यासाठी असते. विरह पुस्तकात भेटतो. ओपीडीत तो शब्द कुणी उच्चारल्याचं मी ऐकलेलं नाही.

वर्गात मी तुकोबांचा ‘कन्या सासुऱ्यासी जाये’ हा अभंग घेतेच. त्यात आईपासून चुकलेलं बाळ ‘हुरुहुरु पाहे’, आणि पाण्यावेगळ्या मासोळीसारखा तुका ‘तळमळी’. दोन्ही शब्द मागेपुढे आहेत, पण एक नव्हेत. बाळ अजून पाहतंय. आई दिसेल असं त्याला वाटतंय. मासोळीपाशी पाहायलाही वेळ उरलेला नाही, तिचं सगळं अंगच पाणी मागतंय. हुरहुरीत आशा शिल्लक असते, तळमळीत ती अंगावर आलेली असते. शब्दकोश दोन्हींपुढे ‘अस्वस्थता’ लिहून मोकळा होईल, पण पेशंटसमोर बसलेल्या माणसाला तेवढ्यावर थांबून चालत नाही.

त्या विद्यार्थिनीला मी एवढंच सुचवलं, की आतडं तुटतं म्हणणाऱ्या बाईला ‘कुठे दुखतं’ विचारू नकोस, ‘कुणासाठी’ विचार. दुसऱ्या दिवशी राउंडला ती आजींच्या खाटेशी बसली आणि म्हणाली, “लेक कुठे दिली, आजी?” आजींनी गावाचं नाव सांगितलं, मग जावयाचं, मग दोन्ही नातवंडांची. लेक गेल्या दिवाळीलाही आली नव्हती. आणि पंधरा दिवसांपासून घास गिळवत नाही, हेही त्यांनी तेव्हाच, त्याच ओघात सांगितलं. केसपेपरवर ते कुठेच नव्हतं.