तुम्ही विचारलंत म्हणून: इतक्या गंभीर कथेत विनोद कशाला?

माझ्या कथा वाचणारे हे हमखास विचारतात. विषय एवढा जड, मग मध्येच हसवता का, ताण सैल पडत नाही का? वाचकाला जरा श्वास घेता यावा म्हणून, असं एक तयार उत्तर आहे. ते मला अपुरं वाटतं.

शेक्सपिअरच्या 'मॅकबेथ' नाटकाच्या दुसऱ्या अंकात राजाचा खून होतो. मारेकऱ्याचे हात रक्ताने माखलेले असतानाच बाहेरून कोणीतरी दार ठोठावू लागतं. मग येतो झिंगलेला द्वारपाल. आपण नरकाच्या दारावर पहारा करतोय अशी कल्पना करून तो एकेका पाप्याचं स्वागत करत बरळत राहतो. प्रेक्षक हसतात, पण ठोठावणं चालूच असतं. दार उघडलं की खून उघडकीला येणार, हे त्याला ठाऊक नाही, आपल्याला आहे. त्याच्या प्रत्येक बडबडीने ते दार उघडणं लांबतं. म्हणजे आपण हसतोय आणि ताण वाढतोय. इंग्रज निबंधकार थॉमस डी क्विन्सीने १८२३ साली या ठोठावण्यावरच निबंध लिहिला. त्याच्या मते त्या आवाजासरशी रोजचं जग परत सुरू होतं, आणि म्हणूनच मधली भयाण पोकळी जाणवते.

मला मात्र त्याहून जवळचा 'मृच्छकटिक' या संस्कृत नाटकातला मैत्रेय, नायक चारुदत्ताचा मित्र. नवव्या अंकात चारुदत्तावर त्याच्या प्रेयसीच्या, वसंतसेनेच्या खुनाचा आळ येतो. मित्रासाठी चिडलेला हा विदूषक भर न्यायसभेत, तो आळ घेणाऱ्या शकाराशी झोंबतो. विदूषकाची मारामारी, हसू येणारच. त्या झटापटीत त्याच्या काखेतले वसंतसेनेचे दागिने खाली पडतात, आणि चारुदत्ताविरुद्धचा पुरावा सर्वांसमोर येतो. निव्वळ मायेपोटी केलेल्या धडपडीने मित्राचाच फास आवळला. इथला विनोद काढून टाका, संकटही उभं राहणार नाही! असं काही लिहिता यावं, ही माझी फार मोठी इच्छा आहे.

म्हणून माझा आग्रह असतो की विनोद कथेतल्या माणसाच्या स्वभावातून यावा. घाबरलेली माणसं खरंच भलतंसलतं बोलतात. शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री थट्टा करणारा रुग्ण भीतीतूनच बोलत असतो. वाईट विनोद लेखकाचा असतो. समोरचं दुःख त्यालाच सोसवत नाही, मग तो पात्राच्या तोंडी कोटी घालून पळ काढतो. खर्डा वाचताना अशी ओळ मला लगेच कळते. पात्र तिथे गप्प बसलं असतं असं वाटलं, तर ती कितीही चांगली जमली असली तरी मी काढून टाकतो.