नावडतीचा स्नेअर अळणी

हेवी मेटलवाल्यांमध्ये अनपॉप्युलर ओपिनियन म्हणून जे काही सांगितलं जातं ना, त्यातलं निम्मं सगळ्यांना आधीच मान्य असतं. मेटॅलिकाचा ब्लॅक अल्बम ओव्हररेटेड आहे म्हणे. अरे बाबा, १९९१ पासून प्रत्येक पिढीतलं प्रत्येक पोरगं हेच बोलतंय, काळा टीशर्ट घेतला की हे मत सोबत फ्री मिळतं. ब्लॅक सबाथ पहिल्या गायकापेक्षा, म्हणजे ऑझीपेक्षा, नंतरच्या डिओबरोबर जास्त भारी होतं, हेही तसलंच, १९८० चा 'हेवन अँड हेल' नीट ऐकलेल्या कितीतरी लोकांचं तेच म्हणणं आहे. असली मतं मांडून कोणाची मैत्री तुटत नाही. खरं नावडतं मत ते, जे ऐकून समोरचा आधी हसतो आणि मग तुम्ही सिरीयसली बोलताय हे कळल्यावर विषय बदलतो.

तर माझं घ्या. गायक ब्लेझ बेलीचा आयर्न मेडन या बँडमधला पहिला अल्बम, 'द एक्स फॅक्टर', १९९५ चा, मेडनच्या सगळ्यात भारी पाच अल्बममध्ये बसतो. (हसून झालं असेल तर पुढे बोलते.)

१९९३ मध्ये मेडनचा गायक ब्रूस डिकिन्सन बँड सोडून गेला आणि त्याच्या जागी वुल्फ्सबेन बँडमधला ब्लेझ आला. ब्रूसचा आवाज म्हणजे भोंगा, छपरातून वर जाणारा, आणि ब्लेझचा खालच्या पट्टीतला, जाड, जरा घोगरा. आता इतका वेगळा गळा घेतल्यावर कोणीही म्हणेल की नवीन गाणी त्याच्या गळ्याला शोभतील अशी करू, आणि गंमत म्हणजे 'एक्स फॅक्टर'वर ती बऱ्यापैकी तशीच झालीत. मेडनचा बेस वाजवणारा आणि मुख्य गाणी लिहिणारा स्टीव्ह हॅरिस, त्याचं लग्न त्या काळात मोडत होतं, सगळा अल्बम काळवंडलेला आहे, मेडनचा तो नेहमीचा घोडदौडीचा उत्साह जवळजवळ कुठेच नाही. सुरुवातच ११ मिनिटांच्या 'साइन ऑफ द क्रॉस'ने. आधी ती चर्चमधली गुणगुण, मग हळू आवाजात बेस, आणि मग ब्लेझ सुरू होतो तो गातोय की पुटपुटतोय कळू नये असा. अंगावर येणाऱ्या अकरा जणांबद्दल तो सांगत असतो आणि त्याच्या आवाजावरून कळतं की यातून सुटका नाही. पुढे ब्रूस परत आला आणि २००१ मध्ये रिओच्या त्या प्रचंड गर्दीसमोर त्याने हेच गाणं गायलं, लाइव्ह अल्बमवर आहे ते, लोक वेडे झालेले ऐकू येतात. पण ब्रूस हिरो आहे हो, तो गातो तेव्हा मला अकरा जणांचीच काळजी वाटायला लागते.

तर मुद्दा असा की गाणं तेच, त्यातली एक नोटही बदललेली नाही, पण ब्लेझच्या तोंडी होतं तेव्हा 'मेडनचा पडता काळ' आणि ब्रूसच्या तोंडी आलं की 'क्लासिक'. अल्बमचं रेकॉर्डिंग कोरडं आहे, सपाट आहे, मान्य. ते झालं हॅरिसच्या स्वतःच्या स्टुडिओत आणि प्रोड्युसर म्हणूनही नायजेल ग्रीनच्या जोडीने त्याचंच नाव आहे. पण खापर कोणावर फुटलं, तर ब्लेझवर. वर स्टेजवर त्याला ब्रूसची जुनी गाणी ब्रूसच्या पट्टीत ओरडायला लावली आणि मग म्हणाले बघा, याला झेपत नाही. पुढच्या 'व्हर्च्युअल इलेव्हन'मधलं 'द एंजल अँड द गॅम्बलर' मात्र मी कोणापुढेच डिफेंड करत नाही, जवळजवळ १० मिनिटं तेच ते, तेच ते, आणि त्याचा दोषही गाणाऱ्याचा नाही, थांबा म्हणायला कोणी नसलेल्या लिहिणाऱ्याचा.

एकदा हे खटकलं ना की मग सगळीकडे दिसायला लागतं. १९८६ घ्या. त्या वर्षी एप्रिलमध्ये जुडास प्रीस्ट या बँडचा 'टर्बो' आला, त्यात गिटार सिंथ, म्हणजे गिटारमधून सिंथेसायझरचा आवाज काढणारं मशीन. लोकांनी नाकं मुरडली, विकले गेले, रेडिओसाठी केलं, मेटलचा विश्वासघात वगैरे, आणि अजूनही मुरडतात. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मेडनचा 'समव्हेअर इन टाइम' आला, त्यातही गिटार सिंथ, आणि तो म्हणे व्हिजनरी, काळाच्या पुढचा! आता 'टर्बो'तली निम्मी गाणी पार्टीछाप आहेत हे मलाही दिसतं, पण 'टर्बो लव्हर' हे गाणं त्या मशीनशिवाय उभंच राहिलं नसतं, तो सुरुवातीचा घुर्र आवाज तोच तर त्याचा जीव आहे. मेडनचं चाललं कारण कव्हरवर एडी, मेडनच्या कव्हरवरचं ते नेहमीचं भूत, सायबॉर्ग झालेला होता आणि गाणी भविष्यकाळाबद्दल वाटत होती. प्रीस्टचं चाललं नाही कारण त्यांनी त्याच मशीनवर मजा केली. मेटलमध्ये मजा केलेली खपत नाही, हे माझं अजून एक मत, असो.

आणि मग अर्थातच मेटॅलिकाचा 'सेंट अँगर', २००३. यावर तोंडसुख घेतलं नाही असा मेटलवाला शोधून सापडणार नाही. तो स्नेअर, म्हणजे ड्रमसेटमधला तो कडक वाजणारा ड्रम, रिकामं पातेलं बडवल्यासारखा, टण टण टण. ड्रमर लार्सने एकदा स्नेअरच्या खालची जाळी लावायचीच विसरून वाजवलं आणि प्लेबॅकला ते ऐकून त्याला आवडलं, असं त्यानेच सांगितलंय. आता माझं म्हणणं, स्नेअर बिचारा निर्दोष आहे. पहिली पाच मिनिटं तो टोचतो, मग कान सरावतात, उलट त्या रागाला तो शोभतो. अल्बम मारला लांबीने. ११ गाणी, ७५ मिनिटं, म्हणजे सरासरी काढली तर जवळजवळ ७ मिनिटांचं एक गाणं. जॅम करून केलेलं रेकॉर्डिंग कॉम्प्युटरवर कापून जोडून गाणी बनवली, त्यामुळे एक चांगला रिफ, म्हणजे गिटारचा तुकडा, येतो, मग पुन्हा येतो, मग पुन्हा, आणि मध्ये श्वास घ्यायला एक गिटार सोलोसुद्धा नाही. प्रत्येक गाण्यातली तीन मिनिटं कापा आणि तोच स्नेअर ठेवून परत ऐका, मग बोलू.

यात मला राग कशाचा येतो सांगू का, याच स्नेअरवर हसणारी माणसं दुसऱ्या श्वासात डार्कथ्रोन या ब्लॅक मेटल बँडचा 'ट्रान्सिल्व्हेनियन हंगर' डोक्यावर घेतात. १९९४ चा अल्बम, त्यांच्या ड्रमर फेनरिझने घरी चार ट्रॅकच्या मशीनवर एकट्याने सगळी वाद्यं रेकॉर्ड केलेली, ड्रम कुठेतरी भिंतीपलीकडे वाजताहेत, गिटार म्हणजे नुसती खरखर. तिथे मात्र ते ॲटमॉस्फिअर. मलाही तो अल्बम प्रचंड आवडतो, थंडी वाजते ऐकताना, म्हणूनच म्हणतेय की आवाज वाईट असणं हा मेटलमध्ये कधीच गुन्हा नव्हता, गुन्हा कोणी केलाय ते बघून शिक्षा ठरते.

मेटॅलिकाचाच 'अँड जस्टिस फॉर ऑल' (१९८८) तर याचं सगळ्यात मजेशीर उदाहरण, कारण तिथे मी चक्क आरोपीच्या बाजूने आहे. बेस ऐकूच येत नाही, हे जगजाहीर. त्यांचा बेस वाजवणारा क्लिफ बर्टन १९८६ मध्ये स्वीडनमधल्या बस अपघातात गेला, त्याच्या जागी जेसन न्यूस्टेड आला आणि त्याचा बेस मिक्समध्ये गाडून टाकला. माणसाशी असं वागणं वाईटच, त्याबद्दल वाद नाही. फॅन लोकांनी नंतर बेस वर आणून स्वतःच्या व्हर्जन केल्या, त्या ऐकल्या मी, मोठ्या अपेक्षेने ऐकल्या. छान वाटतं, भरदार वाटतं, आणि अल्बम एकदम साधा होतो. 'वन' घ्या, हात पाय डोळे कान सगळं गमावलेल्या सैनिकाचं गाणं आहे ते, नुसतं डोकं चालू आहे आणि बाकी शरीर नाही. शेवटाकडे ती मशीनगनसारखी डबल बेस ड्रम येते, कोरडी, टक टक, खाली काही आधारच नाही. तिथे गुबगुबीत बेस भरून काय मिळवायचंय? त्यांनी मुद्दाम हा विचार करून केलं असं मी अजिबात म्हणत नाही, कारणं बहुतेक क्षुद्रच होती, पण झालंय ते बरोबर.

आवडतीचं उलटं. स्लेयर या बँडच्या 'रेन इन ब्लड'ला कोणी काही बोलायचं नाही. १९८६, रिक रुबिन प्रोड्युसर, सगळा मिळून २९ मिनिटांचा कारभार, कॅसेटच्या एका बाजूवर अख्खा मावायचा म्हणून दोन्ही बाजूंना तोच टाकला होता. पहिलं गाणं जबरदस्त, शेवटचं जबरदस्त, आणि मधली आठ? क्रमाने नावं सांगा बघू. मला १९८८ चा 'साउथ ऑफ हेवन' जास्त आवडतो, जिथे ते मुद्दाम हळू झाले आणि हळू झाल्यावर कळलं की यांची खरी भीती स्पीडमध्ये नव्हतीच. त्याच रुबिनने पुढे २००८ मध्ये मेटॅलिकाचा 'डेथ मॅग्नेटिक' केला, इतका लाऊड की आवाज फाटायचा, आणि लोक गिटार हिरो या व्हिडिओ गेममधली व्हर्जन शोधून ऐकायला लागले कारण गेममध्ये साउंड बरा होता. तरी त्या अल्बमला 'कमबॅक' म्हणून पास केलं, कारण त्यात सोलो परत आले होते. सोलो द्या, बाकी काहीही करा.

आता उरला 'लुलू', २०११, रॉक गायक लू रीड आणि मेटॅलिका यांनी मिळून केलेला. इथे माझे उरलेसुरले मित्रही उठून जातात. मेटॅलिकाचा गायक जेम्स हेटफिल्ड त्यात मोठ्या गांभीर्याने ओरडून सांगतो की मी टेबल आहे, आणि त्यावर जगभर इतके जोक झाले की पुढचं कोणी ऐकलंच नाही. पुढे म्हणजे अगदी शेवटी, 'ज्युनिअर डॅड', १९ मिनिटांचं. रीड जवळजवळ बोलतोच, गिटार मागे नुसत्या गुंजत राहतात, आणि शेवटची बरीच मिनिटं फक्त तंतुवाद्यं रेंगाळतात, कोणी काही वाजवून दाखवत नाही. २०१५ मध्ये रीडच्या रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमच्या कार्यक्रमात त्याच्या बायकोने, लॉरी अँडरसनने, सांगितलं की गायक डेव्हिड बोवीच्या मते हा अल्बम रीडचं सगळ्यात मोठं काम आहे. एवढं मी नाही म्हणणार, बोवीला ते परवडतं. पण त्या १९ मिनिटांच्या बदल्यात कोणी मला ब्लॅक अल्बमची दुसरी बाजू देऊ केली तर नको म्हणेन, आणि त्या बाजूवर 'नथिंग एल्स मॅटर्स' आहे हे मला माहितीये.