ॲन आर्बरची खासबाग

कोल्हापूरच्या माणसाला फुटबॉल शिकवायचा नाही, हे मी भाचीला विमानतळावरच बजावलं. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा यांचे सामने बघत शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर वाढलेला माणूस मी. ती नुसती हसली. म्हणाली, "मामा, इथला फुटबॉल हातानं खेळतात."

नोव्हेंबर २०२३चा शेवटचा आठवडा. भाची मिशिगन विद्यापीठात शिकते, ॲन आर्बर गावात. शनिवारी २५ तारखेला त्यांचा सामना होता शेजारच्या राज्यातल्या ओहायो स्टेट विद्यापीठाशी. दोन्ही संघ अकराच्या अकरा सामने जिंकून आलेले. तिकिटाचा आकडा मी अजून बायकोला सांगितलेला नाही.

गावात कुणी 'ओहायो स्टेट' म्हणत नाही. नुसतं 'ओहायो', तेही तोंड वाकडं करून. तिकडे ओहायोवाले सामन्याच्या आठवड्यात आपल्या पाट्यांवरच्या 'एम' अक्षरावर लाल फुल्या मारतात म्हणे. एवढं वैर कशाचं, म्हणून विचारलं तर गाडी थेट १८३५वर गेली. टोलेडो गावाच्या पट्ट्यावरून दोन्हीकडचे लोक बंदुका घेऊन सीमेवर उभे होते. चाकूचा एक वार वगळता रक्त फारसं सांडलं नाही. शेवटी टोलेडो ओहायोला मिळालं आणि मिशिगनला बदल्यात उत्तरेकडचा जंगलाचा मोठा तुकडा. तेव्हा सगळ्यांनी नाकं मुरडली, पण पुढं तिथं तांबं आणि लोखंड निघालं. माझं आजोळ निपाणीचं. सीमाप्रश्न म्हणजे काय, हे मला फोड करून सांगायची गरज पडली नाही.

सामना दुपारी बाराचा, पण सकाळी आठलाच समोरच्या गोल्फ कोर्सवर गाड्या लागलेल्या. डिक्या उघड्या, शेगड्या पेटलेल्या, त्यावर सॉसेज. ज्याच्या त्याच्या अंगावर निळा आणि पिवळा. त्या पिवळ्याला ते 'मेझ' म्हणतात, म्हणजे आपला मका. एका आजोबांनी ओळखदेख नसताना माझ्या हातात गरम सायडरचा कप दिला आणि पुठ्ठ्याचे दोन तुकडे. पुठ्ठे कशाला, हे तासाभरानं कळलं. सिमेंटची थंडी बुटातून वर चढते, पायाखाली पुठ्ठा घालून बसायचं.

आम्ही गोलपोस्टच्या बाजूनं आत शिरलो. बाहेरून त्या बाजूला स्टेडियम बुटकंच दिसतं, एक लाख माणसं मावतील असं वाटतच नाही. दारातून चार पावलं टाकली आणि समोरची जमीनच संपली. मैदान खाली, खोल, आणि चारी बाजूंनी माणसांची उतरण. खासबाग! शाहू महाराजांनी कुस्तीसाठी जे केलं तेच यांनी १९२७ साली केलंय, फक्त कितीतरी पट मोठं. अधिकृत क्षमता १,०७,६०१. त्यातला शेवटचा 'एक' हा फ्रिट्झ क्रायस्लर या जुन्या प्रशिक्षकाच्या मानाचा, आणि ती जागा कुठली हे कुणालाच ठाऊक नाही. मिशिगनच्या खेळाडूंच्या शिरस्त्राणावर रंगवलेले पंख असतात, तेही १९३८ साली त्यांनीच आणले. मी माझ्या बाकावरचा नंबर हातमोज्यानं पुसून बघितला, उगाच.

खेळ सोपा आहे: चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढं सरकायचं, नाही जमलं तर चेंडू समोरच्याचा. बाकी नियम भाची सांगत होती आणि मी मान हलवत होतो.

मिशिगनचे मुख्य प्रशिक्षक जिम हार्बॉ मैदानात नव्हते. प्रतिस्पर्ध्यांच्या डावपेचांच्या खुणा चोरून टिपल्याच्या प्रकरणात त्यांना तीन सामने बाहेर बसवलं होतं आणि शेरोन मूर हे सहायक संघ चालवत होते. चोरी झाली का, यावर भाचीच्या मित्रांत दोन तट. माझं मत मी माझ्यापाशी ठेवलं. चहूकडे एक लाख निळे लोक होते.

तिसऱ्या सत्रात १७-१७ झालं आणि मिशिगनच्या कप्तानांपैकी एक, झॅक झिंटर, खाली पडला. ६५ नंबरचा, दारासारखा रुंद गडी. पाय मोडला होता. त्याला गाडीवरून बाहेर नेईपर्यंत आमच्या रांगेत कुणी खोकलंसुद्धा नाही. पुढच्या ओळीतली बाई दोन्ही हातमोजे तोंडावर धरून उभी होती, आणि शेजारच्या लाल जर्सीवाल्या ओहायोकरानं टोपी काढली होती.

आणि त्याच्या पुढच्याच डावाला ब्लेक कोरमनं चेंडू घेतला आणि बावीस यार्ड पळत थेट शेवटच्या रेषेपलीकडे, म्हणजे टचडाउन! पलीकडे पोचल्यावर त्यानं बोटांनी आधी सहा केले, मग पाच. मला खेळातलं अजून काही कळत नव्हतं, पण ते कळलं. मी ओरडलो ते चक्क "हाण तिच्यायला!" होतं. ओहायोकर दचकून माझ्याकडे बघत राहिला.

शेवटी ३०-२४. पंचवीस सेकंद उरली असताना रॉड मूरनं ओहायोचा फेकलेला चेंडू हवेतच लंपास केला आणि पोरं कठडे ओलांडून मैदानात उतरली. गर्दीनं बाहेर पडायला आम्हाला पाऊण तास लागला.

पुढचं मी कोल्हापुरातून बघितलं. २ जानेवारीला पहाटे साडेतीनला गजर लावून रोझ बोल, म्हणजे उपांत्य सामना. भाचीनं फोन टीव्हीसमोर धरलेला. अलाबामाचा शेवटचा प्रयत्न तीन यार्डांवर अडवला, जादा वेळेत २७-२०. मग ९ तारखेला सकाळी सहाला ह्यूस्टनची अंतिम लढत, वॉशिंग्टनवर ३४-१३. पंधरापैकी पंधरा, आणि १९९७नंतरचं पहिलं अजिंक्यपद.

बायको चहा घेऊन शेजारीच बसली होती. भाची तिकडून ओरडली, "मामी, त्या दिवसाचं तिकीट आज वसूल झालं!"

"कितीला पडलं होतं गं?"

रेंज गेली असं म्हणून मी फोन ठेवला.