सेडरला वेगळं का जमता, तुम्ही विचारलंत म्हणून

पेसाख, म्हणजे मिसरच्या (इजिप्तच्या) गुलामीतून सुटल्याचा आमचा ज्यू सण, जवळ आला की हा प्रश्न येतोच, मराठी मैत्रिणी पण विचारतात आणि इथले ज्यू लोक पण, की सगळे ज्यूच आहात ना, मग तुम्ही काळे-सावळे लोक सेडरसाठी, म्हणजे पेसाखच्या विधीच्या जेवणासाठी, वेगळे का जमता?

मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंपैकी, मूळ अलिबागकडची, घरात मराठी, आता न्यू जर्सीत. इथले बहुतेक ज्यू पूर्व युरोपातून आलेल्यांची नातवंडं-पतवंडं, त्यामुळे ज्यू म्हणजे गोरा हे लोकांच्या डोक्यात पक्कं बसलंय. कुणाकडे सेडरला गेलं की मिठाच्या पाण्यात भाजी बुडवायच्या आधीच सुरू, तू धर्म बदललास का, नवरा ज्यू आहे का, भारतात ज्यू असतात? मायेने विचारतात, पण दर वेळी जेवणाआधी आपली वंशावळ सांगायची म्हणजे जीव थकतो हो. माझी एक मैत्रीण काळी आहे, जन्माने ज्यू, तिला तर वाढायला आलेली बाई समजतात.

आणि सेडर ही प्रश्नांचीच रात्र. सगळ्यात लहान पोरानं चार प्रश्न विचारायचे, आजची रात्र बाकी रात्रींपेक्षा वेगळी का, आणि मोठ्यांनी मिसरच्या गुलामीतून सुटल्याची गोष्ट सांगायची. आमच्याकडे प्रश्न विचारले जातात ते फक्त हेच, म्हणून आम्ही जमतो. इथिओपियाचे, येमेनचे, इराणचे, आफ्रिकन अमेरिकन, मेक्सिकन, दत्तक आलेली चिनी मुलं आणि त्यांचे गोरे आईबाप, पुरावा कुणी मागत नाही. आणि कुणाशी फारकत घेतलेली नाही, पहिल्या दोन रात्री ज्याच्या त्याच्या घरी, हा सेडर मधल्या दिवसांत असतो.

हारोसेत, म्हणजे सेडरच्या ताटातली गोड चटणी, जो तो आपापला आणतो. अश्केनाझींचा, म्हणजे त्या पूर्व युरोपातल्या ज्यूंचा, सफरचंद-अक्रोडाचा, येमेनी लोकांच्यात मिरी असते, जिभेला चटका बसतो. मी खजुराचा शिरा नेते, खजूर भिजवून, शिजवून, फडक्यातून पिळून तो रस काकवीसारखा काळा-दाट होईपर्यंत आटवायचा, जागचं हलता येत नाही, लगेच बुडाला लागतो. दायेनू हे सेडरचं गाणं सुरू झालं की इराणी मंडळी पातीच्या कांद्याने एकमेकांना फटके मारतात, मिसरच्या मुकादमांचे चाबूक म्हणून, आणि पोरं त्याचीच वाट बघत असतात. भाताचं मात्र जपावं लागतं. अश्केनाझींना पेसाखमध्ये तांदूळ-डाळी चालत नाहीत, आम्हाला चालतात, गव्हाचा एक दाणा राहू नये म्हणून आई तांदूळ तीन-तीनदा निवडायची. 2015 मध्ये अमेरिकेतल्या कॉन्झर्व्हेटिव्ह पंथाच्या रब्बींनी, म्हणजे धर्मगुरूंनी, परवानगी दिली तरी कितीतरी जण अजून पाळतात, म्हणून भाताचं टेबल वेगळं, वर चिठ्ठी.

1874 साली पुण्यात छापलेल्या हग्गाद्यातल्या चित्राची कॉपी पण मी नेते, हग्गादा म्हणजे सेडरला वाचायचं पुस्तक, हा हिब्रू-मराठी, त्यात लुगडं नेसलेल्या बायका खाली बसून मात्झा, म्हणजे पेसाखची बिनखमिराची भाकरी, करतायत. ते चित्र टेबलभर फिरतं. एवढं सगळं असून इस्राएलमध्ये आमच्या लोकांच्या लग्नाच्या वेळी मागच्या पिढ्यांची चौकशी व्हायची, 1964 मध्ये आंदोलन केलं तेव्हा कुठे तिथल्या मुख्य रब्बींनी आम्हाला पूर्ण ज्यू म्हटलं. माझ्या आजीच्या पिढीने हे सोसलंय.

कुणी मला 1969 च्या फ्रीडम सेडरचा दाखला देतं, मार्टिन ल्यूथर किंगच्या हत्येला वर्ष झालं त्या दिवशी वॉशिंग्टनमधल्या काळ्या लोकांच्या चर्चमध्ये काळे आणि ज्यू मिळून झालेला. फार मोठं काम होतं ते, पण लोक अजूनही सांगतात ते असं की एकीकडे काळे, दुसरीकडे ज्यू, आणि माझी मैत्रीण तर दोन्ही आहे, तिने कुठल्या बाजूला बसायचं?

बाकी दार उघडंच असतं, हग्गाद्यात सुरुवातीलाच म्हटलंय की भुकेला असेल त्याने यावं, जेवावं. तुम्ही पण या, ज्यू नसलात तरी या. फक्त पाव, चपात्या, केक, बिअर असलं काही आणू नका, पेसाखमध्ये मात्झा सोडून गहू-जवाचं काही चालत नाही, फळं आणा.